पोटाचे आजार पाठ होतात, पण समजत नाहीत. कसं वाचू?

निळीशाई

नमस्कार. मेडिकलला जायचं म्हणून दोन वर्षं अभ्यास करतेय. परीक्षा झाली, निकालाला अजून वेळ आहे. तेवढ्यात पचनसंस्थेचे नेहमीचे आजार वाचून ठेवावेत असं ठरवलं आणि वहीत एक तक्ता केला: नाव, कारण, लक्षणं, तपासण्या, उपचार. २३ ओळी भरल्या. काल रात्री सगळा पुन्हा वाचला आणि अक्षरशः रडू आलं. लक्षणांच्या रकान्यात १९ ठिकाणी "पोटदुखी, मळमळ, उलटी" एवढंच आहे.

हे वाचायला घेण्यामागे एक कारण आहे. माझ्या मावशीला वर्षभर ॲसिडिटी म्हणून गोळ्या चालू होत्या. शेवटी पित्ताशयात खडे निघाले. माझ्या तक्त्यात या दोन्ही ओळी एकाखाली एक आहेत, आणि त्या वाचून मलासुद्धा फरक सांगता आला नसता. इथे डॉक्टर, नर्स, पुढच्या वर्गांतले विद्यार्थी आहेत. ज्यांनी स्वतः काही भोगलंय तेही असतील. हे आजार समजून कसे घ्यायचे?

पहाटवारा

निळीशाई, तक्ता फाडू नकोस, पण तूर्त बाजूला ठेव. मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, १८ वर्षं हेच काम करतोय. आजाराचं नाव सांगत पेशंट येत नाही. तो म्हणतो, "पोटात कसंतरीच होतंय." तुझा तक्ता नावाकडून लक्षणांकडे जातो आणि दवाखान्यात आपल्याला बरोबर उलट चालायचं असतं.

आधी निरोगी पोट शीक. सुरुवातीला एकच हिशोब घे. रोज साधारण ९ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातले जेमतेम २ लिटर आपण खातो-पितो त्यातून येतात. बाकीचे ७ लिटर शरीर स्वतः ओततं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा स्राव. आणि शौचावाटे बाहेर किती जातं? १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं परत आत ओढून घेतलं जातं, बहुतेक लहान आतड्यात आणि उरलंसुरलं मोठ्या आतड्यात.

हे एकदा डोक्यात बसलं की जुलाब वेगळे पाठ करावे लागत नाहीत. एक तर ओढून घेणं कमी पडलंय, नाहीतर ओतणं वाढलंय. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी असतं. दुधातली साखर न फुटता पुढे सरकते आणि पाणी धरून ठेवते. मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, म्हणून गुडगुड, वारा आणि पातळ शौच. अशा माणसाने दूध बंद केलं किंवा उपास केला की जुलाब थांबतात. कॉलऱ्यात मात्र जंतूचं विष आतड्याच्या पेशींना सतत क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. तिथे पोटात अन्नाचा कण नसला तरी जुलाब चालूच राहतात. म्हणजे "काही खाल्लं नाही तरी होतं का?" या एका प्रश्नाने दोन वाटा वेगळ्या होतात.

आता तुझी मावशी. पित्ताशय हे पित्त साठवायची पिशवी. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरला की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि पिशवी आवळली जाते. तोंडाशी खडा अडकला असेल तर ती बंद दारावर जोर लावत राहते. म्हणून कळ येते ती जेवणानंतर किंवा मध्यरात्री, बरगडीखाली उजवीकडे किंवा मधोमध, आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी टिकते. उजव्या खवाट्याकडे जाते. ॲसिडिटीच्या औषधाने तिला काही फरक पडत नाही. याउलट आम्ल वर येतं तेव्हा जळजळ छातीच्या हाडामागून घशाकडे चढते, वाकलं किंवा आडवं झालं की वाढते, आंबट पाणी तोंडात येतं. मावशीला विचारून बघ, तिचं दुखणं चढत होतं की एका जागी आवळून बसत होतं.

निळीशाई

डॉक्टर, आत्ताच फोन केला. मावशी म्हणाली, "जळजळ कधी नव्हतीच गं. कुणीतरी आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं, आणि पाठीत उजवीकडे सुई." मग तिला ॲसिडिटी का म्हटलं, असं विचारलं तर म्हणाली, "मीच सांगायची ना, पित्त झालंय म्हणून."

पहाटवारा

या "पित्त" शब्दापाशी जरा थांबूया. मराठीत पेशंटशी बोलणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द रोज भेटणार आहे. शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस. पण "पित्त झालंय" म्हणणाऱ्या माणसाला बहुधा जठरातलं आम्ल म्हणायचं असतं. "पित्ताने डोकं धरलंय आणि उलटी झाल्याशिवाय उतरत नाही" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांना मायग्रेन असतो. "अंगावर पित्त उठलं" म्हणजे त्वचेवरच्या गांधी. एका शब्दाच्या पोटात चार अर्थ.

म्हणून माझ्या ओपीडीत येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिली सवय हीच लावतो. पेशंट "पित्त", "गॅस", "अपचन" म्हणाला की तो शब्द केसपेपरवर लिहायचा नाही. विचारायचं, "म्हणजे नेमकं काय होतं? हाताने दाखवा." कुणी एक बोट ठेवतं, कुणी पूर्ण पंजा पोटावरून गोल फिरवतं, कुणी मूठ करून छातीवर धरतं. तो हात बघत जा.

मूठ छातीवर असेल तर आणखी एक गोष्ट. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं तर माणसाला वरच्या पोटात दुखल्यासारखं वाटतं, मळमळतं, ढेकर येतात. घाम फुटलाय, चालल्यावर वाढतंय, हातात किंवा जबड्यात जातंय, यातलं काहीही असेल तर पोटाचा विचार नंतर. आधी ईसीजी.

शेवटचाबाक

मी दुसऱ्या वर्षाला आहे. हात दाखवायचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो, मला पोट पहिल्यांदा खरोखर समजलं ते अपेंडिक्समुळे. पुस्तकात लिहिलेलं असतं, दुखणं बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी खाली उजवीकडे सरकतं. मी ते घोकलं होतं. आमच्या सरांनी विचारलं, "अपेंडिक्स तर जागचं हललं नाही, मग दुखणं का हललं?" वर्गात कुणालाच सांगता आलं नाही.

उत्तर गर्भात आहे. आतडं तयार होताना त्याचे तीन भाग असतात: पुढचं, मधलं, मागचं. तिघांना वेगवेगळ्या रोहिण्या आणि वेगवेगळ्या पातळीवरच्या नसा. अपेंडिक्स मधल्या भागातलं. त्याची संवेदना मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या पातळीला पोचते, आणि बेंबीच्या त्वचेची नसही तिथेच येते. आतड्याच्या नसांना जागा नीट सांगता येत नाही. त्यामुळे मेंदूला वाटतं, बेंबीपाशी काहीतरी बिनसलंय. दुखणं मोघम, पंजा फिरवून दाखवण्यासारखं. पुढे सूज वाढते आणि पोटाच्या आतल्या भिंतीच्या अस्तराला टेकते. त्या अस्तराच्या नसा त्वचेसारख्याच नेमक्या. आता दुखणं एका बोटावर येतं. हललं, खोकलं तरी कळ.

तीच गोष्ट वरच्या आणि खालच्या भागाची. जठर, पित्ताशय बिघडलं तर सुरुवातीचं दुखणं बेंबीच्या वर मधोमध. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग बिघडला तर बेंबीच्या खाली. तीन पट्टे. तू वहीत आधी एक पोट काढ आणि त्यावर हे तीन पट्टे आख.

पहाटवारा

शेवटचाबाक, छान मांडलंस. दोन गोष्टींची भर घालतो. सगळ्यांचं दुखणं या क्रमाने चालत नाही. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल, किंवा पेशंट लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर चित्र बदलतं. आणि दुखणं अचानक थांबलं म्हणून हायसं वाटून घेऊ नये. तटतटलेलं अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ आराम पडू शकतो, आणि मग सगळ्या पोटात पू पसरतो.

वाटसरू

अल्सरबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की तिखट खाणं आणि काळजी यांनी अल्सर होतो. वडिलांना झाला तेव्हा त्यांना हेच सांगितलं गेलं होतं. ते खरं नाही का?

शेवटचाबाक

वाटसरू, बरीच दशकं डॉक्टरसुद्धा असंच मानत होते. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे जंतू जगूच शकत नाही, हे गृहीत धरलेलं होतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. ते जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की थाळ्या फेकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या लांब सुट्टीत थाळ्या तशाच राहिल्या आणि त्या जास्तीच्या दिवसांत जंतू उगवले. सावकाश वाढणारा जंतू होता, एवढंच. तरी लोकांना पटेना. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्यायला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बीण घातल्यावर जठर सुजलेलं दिसलं. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते जंतूचं जगण्याचं तंत्र. हेलिकोबॅक्टर पायलोरी युरिया फोडतो आणि त्यातून अमोनिया तयार करतो. अमोनिया आम्लाला मारतो, म्हणजे जंतू स्वतःभोवती एक सौम्य कवच करून बसतो. त्याच युक्तीवर त्याची तपासणी उभी आहे. पेशंटला खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला द्यायचा आणि श्वासात तो कार्बन येतो का ते बघायचं. जंतू असेल तरच येतो. कारण आणि तपासणी एकाच धाग्यात, वेगळं पाठ करायला काही उरत नाही.

पहाटवारा

वाटसरू, वडिलांना सांगा, तिखटाने आधीच असलेली जखम झोंबू शकते, पण जखम होते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक हा जंतू, आणि दुसरं वेदनाशामक गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या कुळातल्या. जठराचं आम्ल जठरालाच का जाळत नाही? कारण त्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट असतं. हा थर राखायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. या गोळ्या सांध्यातली प्रोस्टाग्लँडिन अडवतात म्हणून गुडघा थांबतो, आणि जठरातलीही अडवतात म्हणून थर विरतो. औषध रक्तातून पोचतं, त्यामुळे इंजेक्शनने घेतलं तरी धोका राहतो. "जेवून गोळी घेतली, आता काही होणार नाही" हा समज म्हणूनच अपुरा आहे.

अल्सरच्या प्रत्येक पेशंटला दोन प्रश्न: जंतू तपासला का, आणि गुडघ्यासाठी, डोक्यासाठी काय घेता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा "काही नाही" असंच येतं. मग विचारायचं, "आणि दुखलं तर?" तेव्हा खिशातून पाकीट निघतं.

आणखी एक. जंतूची श्वासाची तपासणी करायच्या आधी दोन आठवडे ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही "नाही" असा निकाल येऊ शकतो. अर्थात ज्याला रक्तस्राव होऊन गेलाय त्याने हे स्वतःच्या मनाने करायचं नाही.

रात्रपाळी

मी वॉर्डात नर्स आहे. रक्तस्रावाचा विषय निघाला म्हणून एक सांगते, कारण हे पुस्तकातल्या चित्रातून कळत नाही. वरच्या पोटात रक्तस्राव झाला की शौच काळी होते. तक्त्यात "काळी शौच" लिहिणार असशील तर त्यापुढे "डांबरासारखी" लिही. ती चकाकते, भांड्याला चिकटते, पाणी टाकलं तर लालसर कड सुटते. आणि वास. एकदा आला की आयुष्यभर ओळखता येतो, मी कॉरिडॉरमधून सांगू शकते. रक्त आम्लात आणि आतड्यात पचल्याचा तो वास आहे. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचीही शौच काळी होते, पण ती हिरवट काळी, कोरडी, आणि तसा वास नसतो.

एका आजोबांनी तीन दिवस सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती. चक्कर येऊन पडले तेव्हा आणलं. त्यांच्या मुलीने विचारलं होतं, "शौचाला साफ होते ना?" आणि ते "हो" म्हणाले होते. प्रश्न बरोबर, पण अपुरा. रंग कसा, किती वेळा, रात्री उठावं लागतं का, हे सगळं विचारायला शीक. सुरुवातीला आपल्याला अवघड वाटतं. पण आपण अवघडलो की पेशंट दुप्पट अवघडतो.

उंबरझाड

रात्री उठावं लागतं का... रात्रपाळी, तुमचा हा प्रश्न वाचून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. मला क्रोन्स आहे, आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार. तो कळायच्या आधी साडेतीन वर्षं मला आयबीएस (आतड्याच्या हालचालींचा बिघाड) आहे असं सांगितलं जात होतं. ताण घेऊ नका, लवकर झोपा, हेच. मी पहाटे तीनला उठून शौचाला पळायचो, वजन ११ किलोने उतरलं होतं, तोंडात सारखे फोड यायचे. यातलं वजन माझ्या फाइलमध्ये दर वेळी लिहिलेलं होतं. आधीच्या आकड्याशी ताडून कुणी बघितलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पानं मागे उलटली, पेनाने चार आकड्यांना गोल केला आणि विचारलं, "रात्री झोपेतून उठवतं का हे?" तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

निळीशाई, तू कधी डॉक्टर झालीस तर पानं मागे उलटत जा, एवढीच विनंती.

निळीशाई

उंबरझाड, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. माझ्या तक्त्यात आयबीएस आणि आयबीडी शेजारी आहेत आणि मी दर वेळी गोंधळते.

पहाटवारा

अक्षरं सारखी असली तरी आजार अगदी निराळे. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखर सूज आणि जखमा असतात, दुर्बिणीने दिसतात. त्यात दोन मुख्य. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर सरकतो, फक्त मोठ्या आतड्यात, आणि सूज आतल्या अस्तरापुरती. म्हणून रक्त आणि आव पडणं हे त्याचं मुख्य लक्षण. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये निरोगी भाग सोडून सोडून, आणि भिंतीच्या आरपार. आरपार जातो म्हणूनच आतडं अरुंद होतं, नाहीतर शेजारच्या अवयवात भगदाड पडतं. तो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला हटकून बसतो. बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं, तेव्हा ते का कमी होतं हे आता तुला मी सांगायला नको.

आयबीएसमध्ये आतडं दिसायला निरोगी असतं, पण त्याच्या हालचाली आणि मेंदूशी चालणारा संवाद बिघडलेला असतो. दुखणं खरं असतं. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कुणाला म्हणू नये, ते चूकही आहे आणि क्रूरही. निदानाचे रोम निकष आहेत: गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा घट्टपातळपणाशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी. सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. पण हे निकष लावायच्या आधी धोक्याच्या खुणा बघायच्या: झोपेतून उठवणारे जुलाब, उतरणारं वजन, रक्त, ताप, पंडुरोग, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आयबीडी, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मोजलं तर आतड्यात सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. उंबरझाड यांच्यात यातल्या किमान दोन खुणा स्पष्ट होत्या. तुमची साडेतीन वर्षं गेली याचं एक डॉक्टर म्हणून मला फार वाईट वाटतं.

गोगलगाय

माझ्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे तिच्या आतड्याला गहू सोसत नाही. इतरांची अशी चूक होऊ नये म्हणून आमची सांगते. ती चार वर्षांची असताना पोट फुगायचं, उंची वाढत नव्हती, रक्त सारखं कमी. कुणीतरी सांगितलं, गहू बंद करून बघा. केला. महिनाभरात पोर हसायला-खेळायला लागली. मग तपासणीला गेलो, तोपर्यंत ती अनेक महिने गव्हाशिवाय होती. रक्ताचा निकाल आला: सीलिॲक नाही. पुढे नीट निदान व्हावं म्हणून तिला काही आठवडे पुन्हा गहू खाऊ घालावा लागला. स्वतःच्या हाताने. रोज तिचं पोट फुगताना बघत. तपासणीच्या आधी गहू बंद करायचा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचाबाक

गोगलगायताई, वाचताना पोटात कालवलं. यामागचं कारण निळीशाईसाठी लिहितो. गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनमुळे या लोकांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते. लहान आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे उंचवटे असतात, त्यांच्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कित्येक पट वाढतं. सीलिॲकमध्ये ते झिजून सपाट होतात. रक्ततपासणीत दिसतात ती या हल्ल्यातली प्रतिपिंडं. ग्लुटेन बंद केलं की हल्ला थांबतो, प्रतिपिंडं ओसरतात, लव परत उगवते. मग तपासणीला सापडणार काय?

रक्त का कमी होतं? लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि हा आजार तिथेच सर्वात जास्त असतो. कधीकधी जुलाब वगैरे काहीच नसतं, फक्त न हटणारा पंडुरोग.

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना. बाकी लोक खंगत होते आणि सीलिॲकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं.

रात्रपाळी

सुरुवातीला ९ लिटरचा हिशोब आला, त्याला जोडून एक राहिलंय. कॉलऱ्यात आतडं पाणी फेकत सुटतं, मग तोंडाने दिलेलं पाणी तरी आत कसं राहतं? नर्सिंगला असताना हे मला कोडं वाटायचं. आतड्याच्या पेशीवर एक वाहक असतो, तो सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत नेतो. एकटं सोडियम त्या दारातून जात नाही, एकटं ग्लुकोजही नाही. दोघं गेले की मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्याचं विष हे दार बंद करत नाही. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, नुसतं साखरपाणीही नाही; मीठ आणि साखर ठरलेल्या प्रमाणात लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज ७५-७५ मिलिमोल आहेत. समसमान. जास्त साखर घातली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करून पिंपात द्रावण केलं आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या हाती दिलं, हे पाजत राहा म्हणून. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. मी आजही वॉर्डात आईच्या हातात पेला देते तेव्हा हे आठवतं. घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत.

निळीशाई

तीन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय. नवी वही केली. तक्ता नाही, आधी चित्र आणि मग "इथे रोज काय चालतं". काल कावीळ स्वतः मांडायचा प्रयत्न केला. चुकलं असेल तर सांगा:

जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन निघतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला विरघळण्याजोगं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथे जंतू त्याचे रंग करतात, म्हणून शौच तपकिरी. म्हणजे अडथळा तीन ठिकाणी येऊ शकतो. पेशी फार मोडल्या तर माल जास्त येतो. हिपॅटायटिससारख्या आजारात यकृतच सुजतं. किंवा पुढची नळी तुंबते, खड्याने किंवा गाठीने. नळी तुंबली तर रंग आतड्यात पोचतच नाही, म्हणून शौच पांढरट मातीसारखी. अंगाला खाज. आणि लघवी गडद, कारण युरोबिलिनोजेन वाढतं.

पहाटवारा

शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. युरोबिलिनोजेन आतड्यातले जंतू बनवतात. नळी तुंबली असेल तर बिलिरुबिन आतड्यात पोचलंच नाही, मग ते बनेल कशातून? ते कमी होतं. लघवी गडद होते ती यकृताने विरघळण्याजोगं केलेलं बिलिरुबिन रक्तात मागे फिरून मूत्रपिंडातून गळतं म्हणून. पेशी मोडून झालेल्या काविळीत बिलिरुबिन विरघळणारं नसतं, त्यामुळे ते लघवीत उतरत नाही. तिथे वाढतं ते युरोबिलिनोजेन.

आता एक प्रश्न. साठीचा माणूस, कावीळ, शौच पांढरट, पोटात अजिबात दुखत नाही, आणि उजव्या बरगडीखाली फुगलेलं पित्ताशय हाताला गुळगुळीत लागतंय. खडा की आणखी काही? पुस्तक उघडायचं नाही.

निळीशाई

खडे असते तर पित्ताशय पुन्हा पुन्हा सुजलं असतं, आणि मावशीसारखी कळ आली असती. सारखं सुजून त्याची भिंत जाड आणि आखडलेली झाली असती, मग ते फुगलंच नसतं. इथे ते फुगलंय, म्हणजे भिंत चांगली आहे. आणि दुखत नाही, म्हणजे नळी हळूहळू बंद झाली, एकदम खडा अडकून नाही. पित्ताशयाच्या खाली, बाहेरून काहीतरी दाबतंय. नळी खाली स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते... तिथली गाठ?

पहाटवारा

बरोबर. अशा माणसाला "कावीळ आहे, पथ्य पाळा, उतरेल" असं सांगून घरी पाठवायचं नाही. सोनोग्राफी त्याच दिवशी, सीटी त्याच आठवड्यात.